मोहरी तडतडेपर्यंत

नाशिकच्या सीबीएस स्टँडवर मुंबईची बस लागली होती. दादा, म्हणजे माझे वडील, बॅगा टपावर चढवत होते आणि आई माझ्या पर्समध्ये एक पुरचुंडी कोंबत होती.

"मस्कतला सगळं मिळतं हो," माझे यजमान म्हणाले.

"मिळत असंल. ही आपल्या वावरातली हाय."

पुरचुंडीत मोहरी होती. लेक पहिल्यांदा विमानात बसणार, आणि आईनं दिलं काय तर मोहरी! मला रडता रडता हसू आलं.

आमच्या मखमलाबादच्या मळ्यात मोहरीला पिकाचा मान नव्हता. कोबीमध्ये अधूनमधून दादा तिची एखादी ओळ पेरत. कीड तिच्यावर जाते आणि कोबी वाचतो. किडीनं खाऊन उरलेल्या शेंगा आई झोडायची, पाखडायची, बरणीत भरायची. "एवढ्याशा दाण्यापायी केवढा खटाटोप," दादा चिडवायचे. आईचं उत्तर ठरलेलं: "मोहरी तडतडल्याशिवाय पुढचं काही टाकायचं नाही. नाहीतर सगळं कालवण कच्चं लागतं." घाई करणाऱ्या माणसालाही ती हेच ऐकवायची.

मस्कतला कंपनीचा फ्लॅट, एसीची घरघर, शुक्रवारची सुट्टी. शेजारच्या केरळच्या चेची, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई, फोडणी शेवटी द्यायच्या, तीही खोबरेल तेलात. मला सगळं जगच उलटं झाल्यासारखं वाटे. परत जाऊ या, असा हट्ट धरावा, असं कितीदा मनात आलं. मग आईचं वाक्य आठवायचं आणि मी थोडं थांबायची. थांबता थांबता वर्षं गेली.

आई गेली तेव्हा मला आठवा महिना होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. सुतकात आमच्याकडे फोडणी देत नाहीत. सासरी गेलेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक, पण मी तेरावं होईपर्यंत फोडणी दिली नाही. आईसाठी तिथून मला दुसरं काय करता येणार होतं? एक दिवस चेचींनी दार वाजवून विचारलं, "तुझ्या घरातून आवाज का येत नाही?" मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

तेरावं झालं. माझ्याकडे पुन्हा मोहरी तडतडली, दादांकडे नाही. मुलगी झाली, तिचं बारसं झालं, तरी नाही. मळ्याशेजारच्या सुमनकाकू फोनवर सांगायच्या, "पालेभाजी नुसती उकडून खातात गं. लय वाळलेत. मी फोडणी टाकाया गेले तर उठून मळ्यात जातात."

मी दादांना मस्कतला बोलावलं, रागावले, रडले. ते एवढंच म्हणाले, "तो आवाज आला की वाटतं, ती आतच हाय. मग आत जावं, तर नाय." दर शुक्रवारी फोन लावताना धाकधूक व्हायची की आता दादाही जातात.

पुढच्या वर्षी, कोबी निघाल्यावर, एका शुक्रवारी दादाच आधी बोलले. "मोहरी काढली. मीच झोडली, पाखडली. तिच्यासारखी साफ नाय झाली." "तेल किती घ्यायचं?"

मळ्यातल्या घरी फोन ओट्याजवळच्या खिडकीत असायचा. मी इकडून सांगत गेले: पळीभर तेल, चांगलं तापू द्या, मग मोहरी. "आणि दादा, ती तडतडल्याशिवाय पुढचं काही..."

"म्हाईत हाय," दादा म्हणाले.

आणि मग मला तो आवाज आला. आधी एक दाणा, मग दोन-चार, मग सगळे.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारखे दूर गेले, कितीतरी मागे राहिले. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी नाशिक म्हणते, मस्कतही म्हणते. पण मनात येतो तो फोन. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐकत होते आणि दादा पूर्वीसारखे खेकसले, "ठेव आता! मोहरी जळंल."