पाणी लागलं!

काकांचा अख्खा जन्म गॅसच्या विहिरी खोदण्यात गेला. त्या धंद्यात गॅस लागला की जल्लोष व्हायचा आणि पाणी लागलं की सगळ्यांची तोंडं उतरायची. कंपनी बंद पडली तेव्हा आता घरी बसून काकूंची बोलणी खायची, असं ते धरूनच चालले होते. पण जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज तयार करणाऱ्या एका कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. जाऊन बघतात तर तोच उंच मनोरा, तेच पाइप, खडक फोडणारं तेच दातेरी बिट आणि विहिरीच्या तोंडावर तसाच भलाथोरला व्हॉल्व्ह.

"मला तर माहेरी आल्यासारखं वाटतंय," ते तिथल्या इंजिनियरबाईंना म्हणाले.

काम बरेच महिने चाललं. एका दुपारी जमिनीखालून गुरगुर ऐकू आली आणि वाफेच्या लोटासकट उकळतं पाणी उसळलं. काकांनी सराईतपणे व्हॉल्व्ह बंद केला, बाजूला जाऊन मटकन बसले आणि काकूंना फोन लावला.

"अगं, वाटोळं झालं. पाणी लागलं."

"कसलं पाणी?"

"चांगलं कढत."

"अहो, मग त्यासाठीच तर गेलाय ना तुम्ही तिथे?"

काकांनी मान वर केली. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि इंजिनियरबाई चक्क नाचत होत्या.

"लागलं! पाणी लागलं!" काका ओरडतच त्यांच्यात घुसले.

नवऱ्याला पुरत्या ओळखून असलेल्या काकू फोनवरून कळवळून सांगत राहिल्या, "अहो, नाचू नका! गुडघा!"