घुरघुर थांबली तेव्हा

माझ्या वडिलांचा आवाज काजूच्या कारखान्यातल्या धुराने बारीक झालाय. गेल्या वर्षी सप्ताहात त्यांनी अभंग सुरू केला आणि देवळातल्या माइकच्या घुरघुरीत तो बुडून गेला. ते मधेच थांबले. या वर्षी त्यांच्यासाठी प्रीअँप करायचा, असं मी मनात ठरवलं.

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे विजेबद्दल मी काही म्हटलं की ते बरोबरच असणार, असं सगळे धरून चालतात. मला आता त्याचीच जास्त भीती वाटते.

प्रीअँप माइकमधला बारीक आवाज मोठा करतो. पण वीजपुरवठ्यात जराशी लहर असली तर तीही तेवढीच मोठी होते. म्हणून खरी मेहनत सप्लायवर घेतली. ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, मोठे कपॅसिटर आणि पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, हे सगळं काजूच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. मेनची वायर आत घ्यायला खिळ्याने भोक पाडलं. त्या भोकाला रबराची कडी लावायला हवी होती. ती आणायला वेंगुर्ल्याला जावं लागलं असतं. मी कंटाळा केला.

तरी बारीक घुरघुर उरलीच. विहिरीवरचा पंप सुरू झाला की ती वाढायची. चार दिवस मी कपॅसिटर बदलत राहिलो. मग कळलं, ती अर्थिंगच्या, म्हणजे डब्यात उतरलेला करंट जमिनीत नेणाऱ्या हिरव्या वायरीतून येतेय. एका व्हिडिओत कोणीतरी ती वायर सरळ काढून टाका म्हणत होतं. मी पक्कड घेतली आणि ती हिरवी वायर कापली.

स्पीकर एकदम गप्प झाला. इतका, की मला वाटलं बिघडला. माइकजवळ बोटावर बोट घासलं, तर तेही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आई टेबल पुसत होती.

"झिला, ह्या डब्याक हात लावलंय की मुंग्यो चावल्यासारख्यो वाटतत."

"ता तसाच आसता, आये. ट्रान्सफॉर्मरमधून थोडो करंट झिरपता."

"पुस्तकात आसा?"

"आसा."

पुस्तकात खरंच होतं. किती झिरपला तर चालतो, तेही होतं. माझ्याकडे मीटर होता, पण मी मोजलं नाही. त्यानंतर आई तो डबा फडक्यात धरून उचलायची. ते मी पाहिलं होतं.

सप्ताहाच्या सकाळी देऊळ नुकतंच धुतलं होतं. फरशी ओली, सगळे अनवाणी. मी गुडघे टेकून जोडणी केली, बटण दाबलं आणि डबा नीट ठेवायला हात लावला. कोणीतरी कोपरावर दांडका घालावा तसा माझा हात उडाला. प्रवासात पत्र्याच्या कडेने वायरीचं आवरण कापलं होतं, हे डबा उघडल्यावर नंतर दिसलं.

"इंजिनेराक करंट लागलो रे! आता तरी ह्येच्या डोक्यात उजेड पडतलो," पखवाज घेऊन बसलेले काका म्हणाले.

सगळे हसले. वडीलही हसले, आणि हसत हसतच त्यांनी माइककडे हात नेला. माइकची लोखंडी जाळी आतून त्या डब्यालाच जोडलेली होती.

मी वायर धरून ओढली. प्लग बोर्डातून निघून माझ्या पायाशी येऊन पडला.

"बंद कित्या केलंस?" वडिलांचा हात माइकवर होता.

"बाबा, अर्थिंगची वायर मीच कापलंय."

"मगे?"

"मगे तुमका करंट लागलो असतो. ह्या पाण्यात हात सुटलो नसतो."

काकांचं हसू गेलं. वडील माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात विचारलं, "तुका आधी म्हायत होता?"

नाही म्हणता आलं असतं.

"आयेन सांगलेल्यान," मी म्हणालो.

ते उठले, टाळ घेतले आणि माइकशिवायच अभंग धरला. दुसऱ्या रांगेच्या पुढे आवाज जात नव्हता. मागची माणसं आपसात बोलू लागली. मी खांबाला टेकून प्लग मुठीत धरून बसलो. बोर्डावरचं बटण काकांनी केव्हाच बंद केलं होतं, तरी भजनाची बारी संपेपर्यंत मला मूठ उघडता आली नाही.