वयाची सडिलिके

मृत्यूला वयाची अट नसते, असं शोकसभेत एका मान्यवरांनी खर्जातल्या आवाजात सांगितलं आणि सगळ्यांच्या माना डोलल्या. अशा सभांना शिवलीला माझ्या शेजारी बसायची. असं वाक्य आलं की कानाशी लागून म्हणाली असती, "अटच न्हाई, मग सडिलिके कशाची मागायची रे?" पण या वेळी सभा तिचीच होती.

सडिलिके हा कन्नड शब्द. सरकारी भरतीच्या जाहिरातीत वयाच्या अटीखाली तो असतो. अर्थ सवलत, ढिलाई. बीदरकडच्या मराठी घरांत तो मुलांना पाढ्यांच्या आधी कळतो. परक्या मराठी कानाला मात्र काहीतरी सडल्याचा भास होतो... आणि तो भास अगदीच चुकीचा नाही, हे शिवलीलानं सिद्ध करून दाखवलं.

ती माझी मामेबहीण. रविवारी सकाळी बीदरशेजारच्या नौबादहून मामांचा फोन आला. "शिवू उठंना रे," ते म्हणाले. मी म्हणालो, "सुट्टी आहे मामा, झोपू द्या की तिला." मी सुट्टीबद्दल आणखी काहीतरी विनोदी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, आठवूही नये. चाळिशीची, साधी तापाची गोळीही टाळणारी बाई इडलीचं पीठ आंबायला ठेवून झोपते आणि उठत नाही... मी पोचलो तेव्हा ते पीठ फुगून भांड्याबाहेर आलं होतं आणि ते कुणी पुसायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. डॉक्टरांनी कारण सांगितलं. मला ते समजलं. पटलेलं मात्र अजून नाही.

नौबादच्या त्या घरावरून हवाई दलाच्या तळावरची शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर जायची. आम्ही बाकीचे कानांवर हात ठेवायचो, ती मान वर करायची. पण तिला हवं होतं हेलिकॉप्टर, तेही लष्करी. "जेट म्हंजे पुढारी रे," ती म्हणायची, "आवाज करतंय न जातंय. हेलिकॉप्टर थांबून बघतंय." पुढारी हेलिकॉप्टरनंच येतात, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. "त्यात हेलिकॉप्टरची काय चूक?" आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत असल्यामुळे मधल्या काळात नवरा म्हणून माझंही नाव निघालं होतं. तिनं ते एका वाक्यात निकालात काढलं : "ह्याला जत्रेतल्या पाळण्यात चक्कर येतीया."

पदवी झाली तेव्हा ती हवाई दलाचा अर्ज भरायला निघाली होती. त्या साली घरात दोन लग्नं होती. तहसील कचेरीतल्या एका पाहुण्यानं मामांना सांगितलं, जातीचा दाखला आहे, वयात तीन वर्षं सहज मिळतील. मामा चिटगुप्प्याच्या बाजारातले तुरीचे व्यापारी. थांबलं की भाव चढतो, हा आयुष्यभराचा अनुभव. "घाई कामून करायलीस?" ते म्हणाले. "सडिलिके हाय की!" शिपाई, शिक्षक, पोलीस, सगळ्यांना ती होती, मग वैमानिकालाच का नसावी? कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कुठल्याही घरात हाच हिशेब झाला असता.

पुढच्या वर्षी ती भरती कचेरीत चौकशीला गेली. अट चोवीसची. दाखल्यावर तिथे काहीच मिळत नाही. शिवाय वय अर्जाच्या दिवशी मोजत नाहीत, प्रशिक्षण सुरू होतं त्या दिवशी मोजतात. म्हणजे ती खिडकीसमोर उभी होती तेव्हा तेवीसचीच होती, आणि चोवीस ओलांडूनही गेली होती. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असेल तर मात्र दोन वर्षं जास्त मिळत होती. "म्हंजे आधी विमान उडवून दाखवायचं," ती परत आल्यावर म्हणाली, "मग विमान उडवायला शिकवतेत." ती हसली. मामा हसले नाहीत. तो परवाना काढण्याइतकी तूर साऱ्या चिटगुप्प्याच्या बाजारात नव्हती.

त्यावर मामा कधीच काही बोलले नाहीत. शिवलीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागली. पण पुढं कुणी "पोरीचं वय जायलंय, अण्णा" म्हणालं, की मामा शांतपणे सांगायचे, "आमच्या घरी सडिलिके हाय." लग्नाला, नोकरीला, उशिरा घरी यायला, देवाला न जायला. हव्या त्या एकाच ठिकाणी मिळाली नाही ती सवलत मामांनी बाकी सगळीकडे वाटली, आणि शिवलीलाही ती मुकाट्यानं घेत राहिली. दोघांनाही त्यातलं कळत होतं, असं मला वाटतं. विचारायचं मात्र राहिलं... चाळिशीच्या माणसाला असं काही घाईनं विचारायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येतं?

गेल्या आठवड्यात मामांना घेऊन चौकात गेलो. तिच्या विद्यार्थ्यांनी मोठा फलक लावलाय : ढगांतून निघालेलं हेलिकॉप्टर, कोपऱ्यात तिचा ओळखपत्रावरचा फोटो, खाली सोनेरी अक्षरांत "अनंत आकाशात झेप". मामांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"चोवीसच होती न्हवं का रे, अट?"

"व्हय मामा."

मामांनी फलकावरच्या सोनेरी अक्षरांकडे बोट केलं. मग म्हणाले, "आकाशात कुठं, बाबा. मीच बसवून आलो की तिला."

आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. चिटगुप्प्याच्या वाटेवर मामांच्या रानात, तुरीच्या कडेला, शिवलीला मांडी घालून बसलेली आहे.