भोंग्यात हरवलेला आवाज

आईच्या गळ्यातली गाठ काढायचं ठरलं तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली होती. आवाज बदलेल, कदाचित जाईलही, असं ते म्हणाले. आई लग्न होऊन बेलापूरला आली तेव्हापासून चर्चमध्ये गात होती. नाताळचं एक गाणं तर तिने स्वतः रचलेलं. ते ऑपरेशनआधी घरीच रेकॉर्ड करायचं मी ठरवलं. स्टुडिओ परवडणारा नव्हता, आणि मला रिकामं बसवत नव्हतं.

लोखंडी कपाट सताड उघडून आईला साड्यांकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे खोली घुमायला नको. पाठीमागे गोधड्या टांगल्या. माइक मैत्रिणीचा, उसना. पप्पांची ढोलकी आधीच वेगळी रेकॉर्ड करून ठेवली होती. उसाचे ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून रस्त्याने जात आणि आम्हाला थांबावं लागे. प्रत्येक वेळी पुन्हा सुरुवात करताना आईचा आवाज थोडा आणखी चिरकायचा. शेवटी एकदाच गाणं धड पार पडलं. ते मी मोबाईल, पेनड्राइव्ह, सापडेल तिथे उतरवून ठेवलं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

मग राहिलं मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरून शेवटचा हात फिरवणं. फुकटचं सॉफ्टवेअर आणि साधे हेडफोन, एवढाच माझा संसार. एका व्हिडिओत युक्ती सापडली: आवाजाची एक प्रत डाव्या कानाला द्यायची, दुसरी, लाटेचे चढउतार उलटे करून, उजव्या. केलं. आई माझ्या चहूबाजूंनी गायला लागली. मला रडूच आलं. मामाच्या गाडीत लावून पाहिलं, तिथेही झकास. मोठं काम केलं असं वाटलं.

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात, छपरावरच्या भोंग्यावर, ते लावायचं होतं. सगळी मंडळी थांबली होती. ढोलकी सुरू झाली, आणि आई आलीच नाही. कडवं सुरू व्हायच्या जागी नुसती ढोलकी. शेजारी आईचा हात गळ्याकडे गेला.

"आता आसंच हुनार का गं?" ती म्हणाली. एवढ्या माणसांत मला ती एकटीच दिसत होती, पांढरीफटक पडलेली.

मी ॲम्प्लिफायरकडे पळाले. पळता पळताच डोक्यात उजेड पडला. छपरावरचा भोंगा डावं-उजवं जाणत नाही, दोन्ही एकत्र करतो. सुलटा आवाज आणि उलटा आवाज एकमेकांना खाऊन बसले होते; ढोलकी दोन्हीकडे सारखी, म्हणून ती तेवढी उरली. जन्मभर या भोंग्याखाली वाढलेली मी, गाणं हेडफोनवर तपासलं, गाडीत तपासलं, भोंग्यावर तेवढं तपासलं नाही! मी उजव्या बाजूची लाल पिन उपटली. एक बाजू बंद झाली आणि आई अख्ख्या आवारावर गायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने मात्र मान वर केली नाही.

घरी येऊन मी गाणं नीट केलं, पण ती ते ऐकायला तयार होईना. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दुपारी म्हणाली, "त्ये बिनआवाजाचं लाव."

"कशाला आई?"

"बघू दे. सवय करून ठिवते."

दोन्ही बाजू एकत्र करून मी ते आधीचंच लावलं. आई भिंतीला टेकून बसली. रिकाम्या जागी तिचे ओठ हलत होते. मला उठून पळून जावंसं वाटलं. गाणं संपल्यावर ती पप्पांकडे वळली. "ढोलकी लई ग्वाड वाजवली हाय तुमी. आजवर माज्याच आवाजात मला ती ऐकू आली न्हाई." पप्पा चपला घालून बाहेर गेले.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आई बोलते, आवाज घोगरा आहे. गाण्याचं आम्ही कुणी विचारत नाही, डॉक्टरांनाही नाही. कपडे वाळत घालताना गुणगुणायची तिची जुनी सवय. आता ती बादली घेऊन दोरीकडे गेली की मी हातातलं काम टाकते, पंखा बंद करते आणि खिडकीआड उभी राहते. ती एकेक कपडा झटकते, चिमटा लावते. मग रिकामी बादली घेऊन आत येते, आणि मी पंखा पुन्हा लावते.