समोरच्या पक्षाची सोनीबाई

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत, ताई. डायलिसिस सुरू करावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्टचा कागद माझ्याकडे वळवला. क्रिएटिनिनच्या आकड्याभोवती त्यांनी पेननं गोल काढला होता. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडन्या तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. माझ्या टाकत नव्हत्या.

मी यवतमाळला जमीन मोजणीच्या ऑफिसात लिपिक होते. गुडघे दुखायचे म्हणून कित्येक वर्षं मनानंच दुखीच्या गोळ्या घेतल्या. बी.पी. वाढलंय हे माहीत होतं, पण चक्कर येत नाही तोवर कशाला बघायचं, असं वाटायचं. पाय सुजले तेव्हा ह्यांना म्हटलं, चप्पल घट्ट झाली असेल. हे सगळं मुद्दाम लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी कोणी आज तीच गोळी हातात घेऊन बसलं असेल, तर आधी रक्त तपासून या.

पहिले दोन महिने मानेतल्या नळीतून डायलिसिस झालं. तेवढ्यात डाव्या मनगटात फिस्टुला करून घेतला. फिस्टुला म्हणजे शीर आणि धमनी एकमेकींना जोडतात, मग शीर फुगते आणि जाड सुया झेपतात. त्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी गुणगुणल्यासारखं थरथरतं. सुरुवातीला मी तो हात पदराखाली झाकायचे.

आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. खोलीत दोन मशीनं, दोन खाटा आणि भिंतीवर एक टीव्ही. दुसऱ्या खाटेवर सोनीबाई.

सोनीबाई दिग्रसकडच्या एका तांड्यावरची. बंजारा समाजाची, साठीच्या घरातली. एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेली. पहाटेच्या एस.टी.नं नवऱ्याबरोबर यायची. पहिल्याच दिवशी मी रिमोट घेऊन आपला नेहमीचा मराठी चॅनल लावला. निळ्या कोटातले ते निवेदक मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. स्वयंपाक करतानासुद्धा त्यांना "बरोब्बर!" म्हणायचे.

"मॅडम, हा माणूस दुसऱ्याले बोलूच देत नाई," सोनीबाई म्हणाली. "तो हिंदीवाला लावा. तो तुमच्या पक्षवाल्याइले चांगला फाडते."

"माझा पक्ष कोणता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या तोंडावरच लिवलं हाये."

तिथून सुरू झालं. ती एका पक्षाची, मी दुसऱ्या. अर्धा वेळ माझा चॅनल, अर्धा वेळ तिचा, असा तह सुषमा सिस्टरनं करून दिला. पण आवाज कोणाचा मोठा ठेवायचा, यावरून तो रोज मोडायचा. मी आकडे सांगायचे, ती माणसांची नावं सांगायची. सिस्टर म्हणायची, "तुम्हा दोघींचं बी.पी. मशीननं नाही, ह्या टीव्हीनं वर-खाली होतंय." खरं सांगू? घरी सगळे माझ्याशी हळू बोलत होते. मुलगी फोनवर रडू आवरायची. हे तर चहातली साखरही मला विचारून घालायला लागले होते. भांडत होती ती एकटी सोनीबाई. तिच्यासमोर मी आजारी नव्हते, समोरच्या पक्षाची होते.

त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. दोन्ही चॅनलवर तेच. चौकटी-चौकटींत बसलेले लोक एकमेकांवर ओरडत होते. माझे निवेदक म्हणाले, सरकारनं आधीच सावध केलं होतं, शेतकऱ्यांनी ऐकलं नाही. मी मान डोलावली आणि म्हटलं, "बरोबर आहे. वेळेवर फवारणी केली असती तर?"

सोनीबाईनं टीव्हीवरची नजर माझ्याकडे वळवली. म्हणाली, "मॅडम, तुमी बोंड उघडून पाह्यलं का कधी?"

"नाही."

"मंग कायले बोलता?"

त्यानंतर मशीन संपेपर्यंत तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. तिच्या वाट्याला आलेला वेळही तिनं मागितला नाही. रिमोट लांब टेबलावर होता; मीच उठून तिचा हिंदीवाला लावणार होते, पण सुया लागलेल्या. आणि खरं म्हणजे लाजही वाटली.

पुढच्या खेपेला ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मला पाहताच पदराच्या गाठीतून तिनं तीन बोंडं काढली. बाहेरून हिरवीगार, टणक. "फोडा," म्हणाली. मी नखानं फोडलं. आत कापूस नव्हताच. पिवळट, चिकट काहीतरी, आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी.

"बाहेरून दिसते काय? नाई दिसत. फवारा आतमंदी जाते काय? नाई जात. मायी सून एकेक बोंड फोडून पाहून राह्यली, आन् रडून राह्यली."

जन्म यवतमाळात गेला. ऑफिसात हजारो शेतांचे नकाशे हाताळले, बांधांचे वाद फायलीत लावले. बोंड कधी उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "सोनीबाई, माझं चुकलं."

"तुमचं नाई चुकलं. तुमच्या त्या कोटवाल्याचं चुकलं," ती म्हणाली आणि बोंडं नवऱ्याकडे दिली. "आत घेऊन गेली तं सिस्टर बोंबलन."

नंतर एकदा मशीनवर मला हायपोटेन्शन झालं. म्हणजे बी.पी. एकदम कोसळणं. शरीरातलं पाणी जास्त वेगानं ओढलं गेलं की असं होऊ शकतं. मला एवढंच आठवतं की जांभया येत होत्या, कानात सूं होत होतं. पुढचं मला सिस्टरनं आणि सोनीबाईनं सांगितलं.

टीव्हीवर चर्चा चालू होती. सोनीबाईनं माझ्या पक्षाच्या मोठ्या नेत्याला एक सणसणीत शिवी हासडली. मी गप्प. तिनं आणखी एक हासडली. तरी मी गप्प. तेव्हा तिनं मोकळ्या हातानं रिमोट दाबून टीव्ही बंद केला आणि ओरडली, "सिस्टर! शोभा उत्तर देऊन नाई राह्यली! शोभे, ए शोभे!"

सिस्टर पलीकडच्या खोलीत होती. धावत आली, माझे पाय वर केले, पाणी ओढणं थांबवलं, सलाईन सोडलं. बी.पी.चं वरचं माप साठवर आलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, "तुम्ही डोळे मिटून पडला होतात. कोणालाही वाटलं असतं, झोप लागली. ह्या बाईंना बरं समजलं."

मी शुद्धीवर आले तेव्हा सोनीबाई तिच्या खाटेवरून एकटक माझ्याकडे बघत होती. सुयांमुळे तिला उठता येत नव्हतं. डोळे भरलेले. "मी एवढी वंगाळ बोलली तरी तुमी गप्प," ती म्हणाली. "मले समजलं, हे काही बरं नाई."

त्या दिवसाआधी आणि नंतरही मी तिच्यासाठी कायम मॅडमच. शोभा म्हणाली ती तेवढीच एकदा, आणि ती हाक मला ऐकू आली नाही, याची अजून रुखरुख वाटते.

पुढच्या खेपेला मी कृतज्ञतेपोटी गेल्या गेल्या हिंदीवाला लावला. ती रागावलीच. "मले उपकार नको. तुमचा कोटवाला लावा. मले त्याच्याशी भांडायचं हाये."

ज्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालंय त्यांना सांगते. मशीनवर जांभया आल्या, कानात आवाज आला, पोटऱ्यांत गोळे आले, तर लगेच सिस्टरला सांगा. झोप असेल म्हणून सोडून देऊ नका. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलत राहा. तुमचं पटत नसेल तरी बोला. मी बरी झालेली नाही, ह्या आजारात तसं होत नाही. पण आता फिस्टुलाचा हात मी झाकत नाही, आणि टीव्हीतल्या माणसाला "बरोब्बर" म्हणण्याआधी थोडी थांबते. पक्ष मात्र तोच आहे. तिचाही तिचाच.

परवा मतदान होतं आणि आमची पाळीही त्याच दिवशी. मी मत देऊन आधी पोचले होते, सिस्टरनं मशीन लावलं होतं. सोनीबाई धापा टाकत आली. तांड्यावर रांगेत पहिली उभी राहून, मग एस.टी. पकडून. बोटावरची शाई तिनं मला लांबूनच दाखवली.

"कोणाले देल्लं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"वाया घातलं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या खाटेकडे जाता जाता माझ्या पायांवरून घसरलेली चादर वर ओढून नीट केली.