भाजीची तहान

उरलेली भाजी गाय खाते हो, पण उरलेले किस्से कोण खाणार? ते साठतच जातात. इकडे हिंदी मुलखात, नया बाज़ारात भाजीचं दुकान म्हणजे गोणपाट अंथरून बसायचं, एवढंच. पण गोष्टी पोत्यानं!

आजोबा इथल्या मराठी संस्थानाच्या फौजेत भाला घेऊन उभे असायचे. मी कोथिंबीर घेऊन बसतो. खानदानाची प्रगती!

यंदा मे लागला तसा मुलगा दिलीप म्हणाला, "बाबा, या उन्हात एकदा जरी चक्कर आली ना, तर दुकान कायमचं बंद." झालं! म्हणजे आता भाजीही ताठ ठेवायची आणि स्वतःलाही. घरी बसलो तर दोन दिवसांत सुकेन मी.

निंबाळकर वहिनी नेमक्या भर दुपारी यायच्या. एकदा कोथिंबिरीची जुडी उचलून, नाक मुरडून म्हणाल्या, "काका, ही मान टाकून का पडलीय?"

"वहिनी, सकाळी आला असता तर तीही ताठ होती, मीही!"

वर सांगितलं, घरी जाऊन पाण्यात उभी करा, तासाभरात उठून बसेल. दुसऱ्या दिवशी वहिनी तणतणत हजर. "काही उठली नाही हं!" विचारलं, ठेवली कशी? तर पानं पाण्यात बुडवून, मुळं वर! "पानंच सुकली होती ना काका?"

"बरोबर आहे. तहान लागली की तुम्हीही डोक्यावरच पाणी ओतत असाल!"

शेजारच्या बन्सीचं उलटं. हा पाण्याच्या बाबतीत फार उदार. दर घडीला पालकावर शिंपडतोय, शिंपडतोय. एका गिऱ्हाइकानं जुडी झटकली तर त्याचा चष्मा धुऊन निघाला. मी म्हटलं, "बन्सी, पालक विकतोयस की पोहायला शिकवतोयस?"

"दद्दा, धर्म का काम है। प्यासे को पानी!" वजनाच्या काट्याकडे बघत बोलला. खोटं नाही सांगत, अगदी भक्तिभावानं.

घरी सूनबाई फ्रिजमधले मऊ पडलेले मुळे फेकायला निघाली होती. मी ते पातेल्यात पाण्यात घातले. रात्री जेवताना दिलीप मुळा असा कुडुमकुडुम खात होता की पलीकडच्या खोलीत ऐकू यावं.

"बाबा, काय जादू करता हो!"

"जादू कसली? तहानलेला होता, पाणी पाजलं."

तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "तरी दुकान बंदच करा!"

आणि मग लू सुटली, अंग भाजून काढणारा इकडचा गरम वारा. दोन बादल्या आणल्या, सगळी भाजी भिजवली. स्वतः घोटभर प्यायचं तेवढं राहिलं. आम्ही हुशार! तोंडली तोलता तोलता डोळ्यांपुढे अंधार.

बन्सीनं मला ओढत दुकानामागच्या सावलीत नेलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, वरून ओलं गोणपाट पांघरलं. जरा बरं वाटतंय, तोच दिलीपची स्कूटर. कुणीतरी फोन केला असणार. माझी जागा रिकामी बघून पोरगं ओरडलं, "बस्स! आजपासून दुकान बंद! बन्सी, बाबा कहाँ हैं?"

बन्सीनं तुरई तोलता तोलता मानही वर केली नाही.

"घबराओ मत भैया। भिगो के रखे हैं, शाम तक तनकर खड़े हो जाएँगे!"