उशिराला दंड नाही

"दाखव हात. बोटं उगवली का, बघू."

मॅनेजर असं म्हणाला आणि ओट्यावर बसलेले दोन व्यापारी हसले. त्यांच्या हातात चहाच्या बशा होत्या. मी पायरीखाली उन्हात उभी. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या पायरीवर पाय ठेवता येत नव्हता. आम्ही पिकवलेला, वेचलेला, हाताळलेला कापूस मात्र त्यांच्या गादीत चालत होता.

मी पदराखालून उजवा हात काढला. वर धरला. अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं नाहीत.

"नाही उगवली अजून," मॅनेजर म्हणाला. "पुढच्या पंधरवड्यात ये."

ते परत हसले. आणि मीही हसले.

हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बोटं तुटली त्याचं मी शंभर जणांना सांगितलं. हसले त्याचं नाही. ते हसताहेत तर आपणही हसावं, म्हणजे मॅनेजर खूश होईल, म्हणजे पैसे लवकर देईल. असा हिशेब माझ्या डोक्यात होता.  

आमचं गाव नरडाण्याच्या अलीकडे. चार महिने शेतात मजुरी, आणि कापूस निघाला की मी आणि नवरा धुळ्याला जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, यायचो. तो रुईचे बांधलेले गठ्ठे, गठाणी, उचलायचा. मी मशीनवर. कापूस मशीनला भरवायचा, पलीकडून रुई निघायची, खाली सरकी पडायची. रुईचं बारीक तूस नाकात, डोळ्यांत, भाकरीत. सकाळी भोंगा व्हायचा. भोंगा झाल्यावर फाटकात पाय पडला तर अर्धा रोज कापला. कुणी लेकराला पाजत होते म्हणो, कुणी ताप होता म्हणो. मुकादम ऐकायचाच नाही. "उशीर म्हणजे उशीर," एवढंच म्हणायचा.

बोटं गेली त्या दिवशी कापूस ओला आला होता. मशीनमध्ये गोळा अडकला. मी म्हटलं, मशीन बंद करा. मुकादम ओरडला, "बंद करायचं नाही! हात घालून ओढ!" मी हात घातला.

आवाजसुद्धा वेगळा आला नाही. मशीन चालूच राहिलं. माझ्या शेजारच्या मशीनवर सोनाअक्का होती, आमच्याच तालुक्यातली. तिनं किंकाळी फोडली तेव्हा मला कळलं. माझ्या समोरची रुई लाल झाली होती. तेवढी रुई बाजूला काढा, गठाणीत जाऊ देऊ नका, असं कोणीतरी म्हणत होतं.

मॅनेजर दवाखान्यात आला होता. तेव्हा गोड बोलला. "कायदाच आहे. मालक भरपाई देतील. कोर्टात जायचं काही कारण नाही. बरी झालीस की ये." मी त्याच्या पाया पडले. डाव्या हातानं.

मग सुरू झाल्या खेपा. मालक मुंबईला गेलेत. कागद मुंबईला गेलाय. कागद आला, पण त्याच्यावर सही नाही. मालकांच्या घरी लग्न आहे. पुढच्या पंधरवड्यात ये. हंगाम संपला, नवरा गावी परतला, मी मात्र गावाहून धुळ्याला चालत यायची. पहाटे निघायचं, दुपारी पोचायचं, पायरीखाली उभं राहायचं. रात्री सोनाअक्काच्या झोपडीत पडायचं. मला बसवत नसे. झोपले तरी पाय हलत राहायचे. नसलेल्या बोटांत कळा यायच्या. उठून अंगणात चकरा मारायची. अक्का म्हणायची, "आडी हो वं माय." मी आडवी व्हायची आणि परत उठायची.

त्या हसण्याच्या दिवशी मी जिनातून निघाले ती अक्काकडे गेलेच नाही. पाय नेतील तिकडे चालले. कचेरीपाशी आले. तिथं निंबाखाली एक म्हातारे अर्ज लिहून द्यायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी माझा हात पाहिला. हात बघून च्‌ च्‌ केलं नाही. विचारलं, "किती दिवस झाले?"

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"पोरी, अर्ज द्यायला मुदत असते. थोडेच दिवस राहिलेत. म्हणून तो तुला पंधरवडे देतोय. मुदत संपली की तो तुला फाटकातही घेणार नाही."

मी तिथंच खाली बसले. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा बसले. तो उशीर नव्हता तर. ते काम होतं. रोज बसून, चहा पिऊन, हसून केलेलं काम.

"लिहा," मी म्हटलं.

अर्ज गेला. चार दिवसांनी मॅनेजरचं बोलावणं आलं. मी गेले. या वेळी ओट्यावर एक गोरा साहेब होता, मशीन विकायला आलेला. मॅनेजर त्याला इंग्रजीत काही बोलला आणि माझ्याकडे वळला. "दाखव गं हात साहेबाला."

मी हात पदराखालीच ठेवला.

"दाखव म्हणतो ना!"

"नाही दाखवणार. कोर्टात दाखवीन."

  हात बाहेर काढला नाही. मॅनेजरचं तोंड मी पहिल्यांदा नीट बघितलं. एरवी मी त्याच्या जोड्यांकडे बघायची.

पुढच्या हंगामाला नवऱ्याला फाटकावरूनच परत पाठवलं. "तुझ्या बायकोनं मालकाला कोर्टात ओढलंय, तू इथं काय करतोस?" तो अक्काच्या झोपडीवर आला. माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. कोपऱ्यात बसून म्हणाला, "काय देतस ते लई ले ना. आपले कोर्ट परवडस का?"

"नही," मी म्हटलं, देतील ते घेऊन गप्प बसणार नाही. एवढंच. त्या हंगामात त्यानं स्टेशनवर ओझी वाहिली. 

कोर्टात तारखा पडत गेल्या. अखेर मला उभं केलं. मालकांचा वकील म्हणाला की ही बाई बेफिकीर, हिनं आपणहून हात घातला. मग सोनाअक्का उभी राहिली. तिचीही रोजी त्याच जिनात. मुकादम समोर बसलेला. तिनं त्याच्याकडे बोट केलं. "मी तठेच उभी व्हतू. यानी सांगं, मशीन बंद नही करानं, हात घाल. मन्हा कानघाई ऐकं." वकिलानं दहा प्रश्न विचारले. अक्कानं दहाही वेळा हेच सांगितलं. शब्द बदलला नाही.

कोर्टाच्या साहेबांनी निकाल दिला. भरपाई द्यायची, पैसे कोर्टात भरायचे. बोटांचा दर ठरलेला असतो, त्या दरानं.

सगळे उठायला लागले. मी उठले नाही, कारण मी उभीच होते.

"साहेब, एक विचारू?"

शिपाई "गप्प" म्हणाला. साहेब म्हणाले, "विचार."

"भोंग्यानंतर मी फाटकात आले तर माझा अर्धा रोज कापतात. अर्ज द्यायला मला उशीर झाला असता तर माझं सगळंच गेलं असतं. यांना दोन हंगाम उशीर झाला. यांचं काय कापणार?"

मागे कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. साहेबांनी पुस्तक उघडलं. पानं उलटली. खरंच उलटली, उगाच नाही. मग म्हणाले, "बाई, उशिराबद्दल मालकाला दंड करायचा असं यात कुठं लिहिलेलं नाही."

"का नाही लिहिलं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुस्तक मिटलं.

त्या क्षणी मला दिसलं. माझी बोटं मशीननं नेली, ते मला समजत होतं. मशीनला डोळे नसतात. पण हे पुस्तक डोळे असलेल्या माणसांनी लिहिलं होतं. माझ्या उशिराला काय शिक्षा, ते त्यांना सुचलं होतं. मालकाच्या उशिरापाशी त्यांची दौत सुकली होती.

बाहेर मॅनेजर उभा होता. हातात कागद. पैसे वेळेवर मिळाले, माझी काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलेलं, हे सोबत आलेल्या नानांनी वाचून दाखवलं. "अंगठा दे. मालक तुला वरून लुगडं घेतील." मी कागद घेतला, दुमडला आणि त्याच्या खिशात घातला. त्याला माझा हात लागला. तो मागे सरला. मी अंगठा दिला नाही.

पैसे आले. त्यात नवऱ्याचा बुडालेला हंगाम नव्हता. अक्काला साक्षीनंतर काढून टाकलं, ते नव्हतं. माझ्या खेपा नव्हत्या.

पुढच्या हंगामाला आम्ही तिघं, मी, नवरा आणि अक्का, नरडाण्याहून गाडीनं जळगावला गेलो. तिथं आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. मी हात पदराखाली ठेवून कामाला लागले, सरकी झाडायला. कमी रोजावर. महिना झाला असेल. मशीनचा पट्टा निसटला आणि मथुराबाई म्हणून एक होती, तिचा दंड मोडला. तिचं हाड बाहेर आलेलं मी पाहिलं. तिला गाडीत घालून नेलं आणि तिथला मॅनेजर बायकांना म्हणाला, "चला, कामाला लागा. मालक भरपाई देतील. कायद्याप्रमाणे मिळेल. वेळ लागतो."

ते शब्द ऐकून माझ्या पायांत काहीतरी पेटलं. मी झाडू टाकला. पदर मागे सारला आणि सगळ्यांसमोर हात वर धरला. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

"लागू द्या वेळ," मी म्हटलं. "तोवर आम्हालाही वेळ लागेल."

आणि बायकांकडे वळले. "बठा. बठ्ठ्याजणी बठा."

पहिली अक्का बसली. मग दोघी. मग बाकीच्यांतल्या बऱ्याच, भीत भीत. काही नाही बसल्या. पण भरवायला हात कमी पडले, तसं एकेक मशीन थांबलं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या अडकल्या. गाडीवाले शिव्या द्यायला लागले, आधी आम्हाला, मग मालकाला. दुसऱ्या दिवशीही आम्ही बसलो. पोलीस आला, उभा राहिला, गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरनं कोर्टात पैसे भरल्याची पावती आणली. मी ती वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतली. मथुराबाईचं नाव होतं. मग आम्ही उठलो.

तीन दिवसांचे रोज गेले. काहीजणींनी मला तोंडावर शिव्या दिल्या, त्यांची चूल विझली होती, त्यांचं चुकलं नाही. मथुराबाईचा हात वाकडा बसला तो बसलाच. आणि शनिवारी मला काढलं.

मी गाठोडं बांधलं. नवऱ्यानं विचारलं, "आते कोठे?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, जामनेरला.

कायद्यात दंड लिहितील तेव्हा लिहितील. मी त्यांच्यासाठी थांबणार नाही. जिथं जाईन तिथं पहिल्याच दिवशी बायकांना हे सगळं सांगणार. एक जखमी झाली आणि तिचे पैसे कोर्टात पडले नाहीत, तर त्या जिनातून रुई निघणार नाही. एक दिवस उशीर, एक दिवस मशीन बंद. दहा दिवस उशीर, दहा दिवस बंद. आम्ही उपाशी राहू, ते आम्हाला येतं.

मला काढतील. काढू द्या. मी पुढच्या जिनात जाईन. खानदेशात कापूस पुष्कळ पिकतो.